गोल घरातला टोकदार भाडेकरू

मी बोलतोय, पण मला शोधायला उठू नका. मी दिसणार नाही. तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीवर पाट मांडा, आमच्यासारखे वीस-पंचवीस जण तिथे पंगतीला आरामात बसतील. मी अ‍ॅल्युमिनाचा कण आहे. पोलाद घासून चकचकीत करायला जी पांढरी पावडर वापरतात, तिच्यातला एक. सध्या मुक्काम बडोद्याच्या एका धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, तिसऱ्या डबीत. डबीवर माझ्याविषयी चार शब्द लिहिले आहेत. ते पुढे सांगतो, आत्ता सांगितले तर तुम्ही माझ्याविषयी उगाच वाईट मत करून घ्याल.

खानदान मोठं आहे हो आमचं. माणिक आणि नीलम ही माझी सख्खी भावंडं. अंगाने आम्ही एकच, त्यांच्यात फक्त रंगाची चिमूटभर भेसळ. त्या भेसळीच्या जोरावर ते अंगठीत जाऊन बसले आणि मी निर्मळ राहिलो म्हणून बाटलीत आलो. याचा मला राग नाही. थोडासा आहे.

माझा जन्म कच्छच्या लाल मातीतला. तिथून मला खणून काढलं, धुतलं, लालाचा पांढरा केला, भट्टीत असा भाजला की पाण्याचं नावसुद्धा अंगात उरलं नाही, आणि मग दळला. दळताना मला टोकं आली. ती टोकं म्हणजे माझी सगळी इस्टेट. त्यांच्यामुळेच मी पोलादासारख्या दांडग्याला घासू शकतो.

पाण्यात कालवून मला एका बाटलीत भरलं आणि बाटली आली विश्रामकाकांच्या फळीवर. विश्रामकाका या प्रयोगशाळेत तीस वर्षं नमुने घासतात. पोलादाचा नखाएवढा तुकडा काळ्या बेकेलाइटच्या वडीत बसवायचा, फिरत्या चाकावर आधी खरखरीत कागदाने आणि मग मऊ कापडावर पावडर घालून घासायचा, तो थेट आरसा होईपर्यंत. राहतात घडियाळी पोळमध्ये, म्हणजे शहरातल्या एका जुन्या गल्लीत, आणि त्यांच्या घरातली पाण्याची लोटीसुद्धा डोळे दिपवते असं म्हणतात. नमुना झाला की ते तो खिडकीशी नेऊन त्यात स्वतःची भांग बघत. भांग सरळ दिसली तर नमुना पास.

फळीवर माझ्या शेजारी पिचकारीत हिऱ्याची पेस्ट होती. तिचा तोरा काही विचारू नका. परदेशातून आली, थेंबाथेंबाने वापरतात, आणि आमच्यासारखी पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये काम करते. आम्ही बाटलीतले सगळे मिळून तिला नावं ठेवायचो. काम मात्र ती चांगलं करायची, हे आता कबूल करतो.

आता ज्यांच्यामुळे माझ्या आयुष्याला वळण लागलं त्या मोहनाबेन. निजामपुऱ्याहून स्कूटरवर येतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसतात. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे घरात शब्द तोलून वापरायची रीत. मोहनाबेनचं काम पोलादाच्या पोटातली घाण बघायचं. घाण हा त्यांचा शब्द नाही, माझा आहे.

त्याचं असं आहे. पोलाद वितळलेलं असतं तेव्हा त्यात प्राणवायू शिरतो. तो काढायला त्यात अ‍ॅल्युमिनियम टाकतात. दोघांचं जमतं आणि त्यांच्या पोटी अ‍ॅल्युमिनाचे बारीक दाणे जन्माला येतात, म्हणजे माझेच चुलतभाऊ, टोकदार आणि भांडखोर. ते पोलादात तसेच राहिले तर पुढे कुठेतरी त्यांच्या टोकाशी चीर सुरू होते. म्हणून शहाणे कारखानदार वितळलेल्या पोलादात कॅल्शियमची तार सोडतात. तिच्या सहवासात हे टोकदार दाणे मवाळ होतात, गोल होतात, आणि गोल दाणा सहसा कुणाचं वाकडं करत नाही. तेव्हा दाण्याचा आकार बघितला की भट्टीपाशी तार पडली की नाही हे कळतं. माणसं चेहरा बघून घराणं ओळखतात, तसंच.

तर एका मंगळवारी पादरा गावच्या रस्त्यावरच्या एका छोट्या पोलाद कारखान्यातून मोडलेल्या शाफ्टचा तुकडा आला. शाफ्ट गिऱ्हाइकाच्या पंपात महिनाभरात मोडला होता. कारखान्याच्या मॅनेजरचं म्हणणं, त्या पाळीला तार सोडलीच नाही. पाळी होती मानसिंगरावांची. चौतीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, दोन महिन्यांनी निवृत्त होणार. त्यांनी नोंदवहीत तार सोडल्याचं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. म्हणजे दाणे टोकदार निघाले असते तर चूक तर त्यांची ठरलीच असती, वर लिहिलेलंही खोटं ठरलं असतं. जाता जाता माणूस खोटारडा म्हणून जाणार, एवढी ती गोष्ट होती.

मोहनाबेनना हे ठाऊक होतं. त्यांनी तुकड्याचे दोन काप केले, एक जपून पाकिटात ठेवला आणि दुसरा वडीत बसवून विश्रामकाकांकडे दिला. सोबत चिठ्ठी: शेवटी हिऱ्याची पेस्ट, फक्त स्पिरिट, पाणी नाही. कारण कॅल्शियमचे गोल दाणे कधी कधी पाण्यात विरघळतात. चिठ्ठीवर थांबल्या असत्या तर मी आज बाटलीतच असतो. पण त्या दारातून वळून म्हणाल्या, "काका, हा नमुना अगदी चोख पाहिजे हं. एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

विश्रामकाका म्हणाले, "बेफिकर रहा ने, बेन."

त्यांनी चिठ्ठीबरहुकूम काम केलं. हिऱ्याची पेस्ट, स्पिरिट, सगळं. मग नमुना खिडकीशी नेला, भांग बघितली, मान डोलावली, आणि तरी त्यांचं समाधान होईना. बेन मुद्दाम वळून सांगून गेल्या होत्या. त्यांनी फळीवरून आमची बाटली उचलली, ओलं कापड चाकावर ताणलं आणि आणखी दोन मिनिटं दिली. प्रेमाने दिली, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचा हात मला कळतो.

त्या दोन मिनिटांत जे झालं ते मी आतून बघितलं. पोलादात ठिकठिकाणी गोल दाणे बसले होते, गुबगुबीत, शांत. आमच्याबरोबरचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं आणि ते एकेक करून विरघळून गेले. मागे उरली गोल गोल रिकामी घरं. अशी आयती घरं दिसल्यावर आम्ही काय करणार? शिरलो. मी ज्या घरात शिरलो ते मला चहूबाजूंनी सैल होतं, कडेला एका टोकावर अडकून बसलो. कुणाचं घर, तो कुठे गेला, मी विचारलं नाही. भाडेकरू असं काही विचारत नसतात.

मग आम्हाला मोहनाबेनच्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत ठेवलं; तिथे हवा नसते. हवा नाही म्हणजे आवाजही नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट आणि मी ठार बहिरा. वरून इलेक्ट्रॉनांचा शिडकावा होत होता आणि मी सरळ बसलो होतो, लग्नाच्या फोटोत बसतात तसा. आठ हजार पटीने मोठा करून मोहनाबेननी मला पडद्यावर घेतलं. मी, ज्याला आजवर आईनेही नीट बघितलं नव्हतं, तो सुपारीएवढा दिसत होतो. मग क्ष-किरणांनी माझी जात विचारली. उत्तर आलं: अ‍ॅल्युमिनियम आणि प्राणवायू. कॅल्शियमचा पत्ता नाही.

मी खूष होतो. खोटं कशाला बोलू? त्यांनी माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, टोकं मोजली. संगणकाने मला आणि माझ्या आजूबाजूच्या शंभर भावंडांना भराभर मोजून तक्ता काढला. संगणकाला काळं कुठे नि पांढरं कुठे एवढंच कळतं. तक्ता सांगत होता, दाणे टोकदार, कॅल्शियम नाही. मोहनाबेननी कारखान्याला फोन करून कळवलं, "लेखी अहवाल उद्या देते, पण तार पडलेली दिसत नाही."

बाहेर टेबलावर आल्यावर हे वाक्य मी ऐकलं आणि माझी खुशी जागच्या जागी विरली. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि ते तेल मी होतो. मी ओरडलोसुद्धा. पण तीन मायक्रॉनच्या ओरडण्याला कोण विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगराव स्वतः आले. खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे, ते त्यांच्या उभं राहण्यात दिसत होतं. इस्त्रीचा शर्ट, हातावर भट्टीच्या ठिणग्यांचे जुने पांढरे डाग. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बेन, भांडायला नाही आलो," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं, मशीन खोटं बोलत नाही. पण ज्याच्यामुळे मी खोटा ठरलो त्याचा फोटो मला एक वार बघू द्या."

मोहनाबेन अवघडल्या. असं कुणी मागत नाही. अहवाल लिहून तयार होता, फक्त सही व्हायची होती. त्यांनी पडदा मानसिंगरावांकडे वळवला. त्यावर मी होतो, या वेळी आणखी मोठा केलेला, पूर्ण पडदाभर.

मानसिंगराव खिशातून चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडे इतक्या आदराने आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

"हा पांढरट, टोकवाला, हा दाणा ने?"

"हो."

"आणि ह्याच्या भोवती हे काळं गोल काय आहे?"

"खड्डा आहे. दाणा ज्यात बसलाय तो."

मानसिंगरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खड्डा गोल आणि आतला टोकदार, असं कसं होईल? पोलाद थिजतं ते आतल्याला मिठी मारून थिजतं, बेन. जसा आतला, तसा खड्डा. टोकदार असता तर खड्ड्यालाही टोकं आली असती. मोदकाच्या साच्यातून करंजी नाही निघत." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा माणूस आमच्या भट्टीतला नाही. कोण आहे ते मला माहीत नाही. पण घर माझं आहे."

मोहनाबेननी वाकून ते काळं गोल पुन्हा बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. आदल्या दिवशी त्यांनी मला मोजलं होतं, माझ्या घराला मोजलं नव्हतं. त्यांनी मला पुन्हा पेटीत नेऊन ठेवलं, या वेळी नमुना तिरका केला. तिरकं बघितल्यावर माझं सगळं बिंग फुटलं. मी कुठे पोलादाला चिकटलेलो नव्हतो, हौदात पडलेल्या विटेसारखा आडवा पडलो होतो. शेजारी तपासलं, तिथेही तेच. काही घरं तर नुसतीच रिकामी, सुबक गोल.

विश्रामकाकांना बोलावलं. मला पेटीतून काढून टेबलावर ठेवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं.

"काका, शेवटी कुठली पावडर लावली?"

"चिठ्ठीत होती ती. हिऱ्याची."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर दोन मिनिटं सफेद पावडर. तुम्हीच सांगितलं ने, चोख्खा पाहिजे म्हणून."

"मी चोख म्हटलं, काका."

"तेच तर. चोख्खा. साफ. आमच्या पोळमध्ये लहान मुलालाही कळतं. हिऱ्याने जरा धुरकट राहतो, म्हणून मी वरून चोख्खा करून दिला."

मोहनाबेननी कपाळाला हात लावला. त्यांच्या घरात चोख म्हणजे खरा, जसा आहे तसा, एका बोटानेही इकडचा तिकडे न केलेला. विश्रामकाकांच्या कानात गुजरातीतला चोख्खा म्हणजे स्वच्छ. दोघं मराठीच, एकाच शहरातली, पाच वर्षं रोज एकत्र चहा पिणारी, आणि मधे एका ख्-चं अंतर. त्या अंतरात मी घर करून बसलो होतो.

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, कारण मानसिंगराव अजून उभेच होते. विश्रामकाकांना मात्र अजिबात हसू आलं नाही. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चकाकीने कुणाचं तोंड काळं केलं होतं.

"माझ्यामुळे झालं, भाऊ," ते मानसिंगरावांना म्हणाले.

"तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे," मोहनाबेन म्हणाल्या. "घाई मी केली. फोन मी केला." आणि त्यांनी तिथेच, दोघांच्या देखत, कारखान्याला फोन लावला. म्हणाल्या, काल मी सांगितलं ते चुकलं होतं, नमुना आमच्याकडेच बिघडला, कुणाबद्दल काही ठरवू नका, उद्यापर्यंत थांबा. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर पाणी प्यायल्या. माणसं चूक करतात हे मी खूप पाहिलंय, पण ती परत घ्यायला फोन उचलणारी पाहिली ती एवढीच.

मग पाकिटातला दुसरा काप निघाला. विश्रामकाकांनी तो घासला तेव्हा मी टेबलावरून बघत होतो. हिऱ्याची पेस्ट, स्पिरिट, बस. नमुना खिडकीशी नेला, भांग बघितली, ती जराशी अंधुक दिसली असावी, कारण त्यांचा डावा हात आपोआप आमच्या बाटलीकडे गेला. तो त्यांनी उजव्या हाताने धरून मागे आणला.

नव्या नमुन्यात दाणेच दाणे होते, सगळे आपापल्या घरात घट्ट बसलेले, गोल, काळेभोर. क्ष-किरणांनी विचारलं, उत्तर आलं: कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, प्राणवायू. तार पडली होती. चौतीस वर्षं पडत होती तशीच पडली होती.

मग शाफ्ट मोडला कशाने? तेही निघालं. गिऱ्हाइकाच्या कारागिराने शाफ्टला खाच पाडताना कोपरा गोल करायचा राहून गेला होता. चीर तिथून सुरू झाली होती. शेवटी तिथेही टोकच नडलं. 

आता माझी सांगतो. वडी फेकून देणार होते. विश्रामकाकांनीच ती मागून घेतली. काचेच्या कपाटात डबी ठेवली आणि वर चिकटपट्टीवर लिहिलं, "पाहुणा आहे, घरचा नाही." हेच ते चार शब्द. नवीन माणसं कामाला आली की मोहनाबेन त्यांना आधी माझा फोटो दाखवतात आणि विचारतात, हा कोण? सगळे म्हणतात, पोलादातला दाणा. मग त्या म्हणतात, घर बघा, मग सांगा. विश्रामकाकांच्या चाकाच्या वर, भिंतीला एक कागद लावला आहे: "चोख म्हणजे खरं. चोख्खं म्हणजे साफ. कुठलं पाहिजे ते आधी विचारणे." त्यांचं अक्षर सुरेख आहे.

तेव्हा माझी तुमच्याकडे एक विनंती. कुणाला टोकदार बघून त्याच्या नावावर गुन्हा लिहायची वेळ आली, तर तो बसलाय कुठल्या घरात, तेवढं आधी बघा. आणि गुन्हा माझ्यासारख्याचा असेल, तर मलाही फार बोलू नका. रिकामं घर दिसलं तर कोण शिरत नाही?

निवृत्तीच्या दिवशी मानसिंगराव पुन्हा आले. हातात बडोद्याच्या ओलसर लीलो चिवड्याचा पुडा आणि रुमालात गुंडाळलेला पोलादाचा तुकडा. म्हणाले, "माझ्या शेवटच्या पाळीचा आहे. कारखान्याला नको, कुणाला नको, मलाच बघायचा आहे."

या नमुन्यासाठी चिठ्ठीची गरज लागली नाही. विश्रामकाकांनी तो घासला, मोहनाबेननी तो सूक्ष्मदर्शकाला लावला. मी कपाटात होतो, काचेतून पडदा दिसत होता. करड्या पोलादात गोल गोल काळे दाणे, कुठे एकटा, कुठे दोन जवळ जवळ. एकालाही टोक नव्हतं. मानसिंगराव या वेळी खुर्चीवर बसले. चिवडा तसाच राहिला. खूप वेळ बघितल्यावर म्हणाले, "चोख आहे."

विश्रामकाका चाक पुसत होते. मान न उचलता त्यांनी विचारलं, "कुठलं चोख, भाऊ? बेनचं का माझं?"

मानसिंगरावांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "दोन्ही," ते म्हणाले.

मी डबीत, एका टोकावर अडकलेला, सगळं ऐकत होतो. तेवढा वेळ मला माझी टोकं नकोशी वाटली. वाटलं, आपणही एकदा मानसिंगरावांच्या भट्टीतून, त्यांच्या हाताखालून गेलो असतो तर.